पूडवालीचा अबोला

गाजराची चकती बटणाएवढी जाड कापली तर ती वरून वाळते आणि आत ओली राहते, आठ दिवसांत तिला बुरशी धरते. कागदासारखी पातळ कापली तर वाळता वाळता तिचा रंग उडतो. या दोन्हींच्या मधली जी जाडी आहे ती पूडवालीच्या बोटांना ठाऊक होती. सुरीकडे न बघता ती कापत राहायची. एकीकडे माझ्याशी बोलणं चालू, दुसरीकडे दारातल्या गिऱ्हाइकाला झापणं चालू, आणि परातीत पडलेल्या शंभर चकत्यांत एक जरी वेगळी निघाली तरी मी माझं नाव बदलीन.

गावाबाहेर नदीकाठी माझी थोडी जमीन आहे. भुसभुशीत माती, गाजर सरळ येतं. हंगामात आठवड्यातून दोनदा मी तिच्याकडे पोती टाकायचो. त्या घरात मला सगळे गाजरवाले दादा म्हणत. सगळे म्हणजे दोघीच. पूडवाली आणि तिची धाकटी बहीण.

घर बाजाराच्या टोकाला होतं, एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान. लाकडी फळ्यांवर काचेच्या बरण्या. गाजराची पूड, बिटाची, संत्र्याच्या सालीची, गुलाबाच्या पाकळ्यांची, भाजलेल्या जवसाची. मधल्या खोलीत छताला भिडतील एवढ्या मांडण्या, त्यांवर जाळीच्या चौकटी, आणि खिडक्यांना कायम जाड पडदे. उन्हात वाळवलं की रंग जातो आणि रंगाबरोबर गुणही जातो, असं ती म्हणायची. शेवटच्या खोलीत दळायचं यंत्र आणि मलमलीची चाळण. तिथे धाकटी बसायची. वीस वर्षं ती त्या चाळणीपाशी बसली. पूड इतकी बारीक व्हायची की चिमटीत धरली तर चिमटीत काही आहे असं वाटू नये.

ती पूड घरभर उडायची. दाराची कडी पिवळी, घड्याळाची काच पिवळी, पंख्याची पाती पिवळी. आणि त्या दोघींचे तळहातही हंगामात पिवळे व्हायचे. नुसती पूड लागून नाही. धाकटीला चाळता चाळता वाळल्या चकत्या तोंडात टाकायची खोड होती, आणि थोरली रोज चमचाभर पूड स्वतः खाल्ल्याशिवाय कोणाला द्यायची नाही. गाजर फार खाल्लं की अंगाला रंग चढतो. तळहात, तळपाय, नाकाच्या बाजू पिवळट होतात. त्यात काही अपाय नाही, गाजर थांबवलं की दोन महिन्यांत हळूहळू उतरतं.

गिऱ्हाइकं घाबरून यायची. "मावशी, हे बघा हो, कावीळ झाली!" पूडवाली त्यांना समोरच्या बाकावर बसवायची. तिची एक पद्धत होती. आधी तळवा बघायची, मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि खालची पापणी अंगठ्याने ओढून डोळा बघायची. "गाजराचा रंग डोळ्यात जात नाही," ती सांगायची. "डोळा पांढरा आहे तोवर घरी जा, पाणी प्या, झोपा. डोळा पिवळा झाला तर माझ्याकडे नाही, दवाखान्यात जायचं." एकदा न्हाव्याचा डोळा पिवळा निघाला. तिने त्याला पूड तर दिली नाहीच, त्याच्या दुकानाला कुलूप लावायला लावलं आणि स्वतः त्याला दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडलं. महिन्याभराने तो बरा होऊन आला आणि पुढे कितीतरी दिवस प्रत्येकाची दाढी करताना ती गोष्ट सांगत राहिला.

तिने कधी कोणाला खोटं सांगून पूड विकली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. "जादू नाही ही," ती म्हणायची. "आठ तास झोप. तहान लागायची वाट न बघता पाणी. रोज पायी तासभर. एवढं करणार असाल तर वर चमचाभर पूड घ्या. करणार नसाल तर राहू द्या, बरणी उगाच रिकामी होते." कोणी वाटेत भेटलं तरी पहिला प्रश्न झोपेचा. न्हावी म्हणायचा, "मावशी, मी किती झोपतो हे माझ्या बायकोनेही कधी विचारलं नाही." आणि धाकटी आतून ओरडायची, "ताईला कोणी सांगितलं की अमका गेला, तर ही विचारेल, झोप पुरी होत होती ना त्याची?"

मग पूडवाली हसायची. तिला हसवणं फक्त धाकटीला जमायचं.

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि थोरली वीस. थोरलीने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळ झाला नाही." पंधराव्या वर्षी धाकटीच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या, साध्या नाहीत, लाल, ठणकणाऱ्या. पोरगी शाळेत जाईना. मधल्या खोलीत पडद्यामागे बसून राहायची. कोणी आलं की तोंड भिंतीकडे. थोरली तेव्हा एका कापडाच्या दुकानात कामाला होती. तिने कुठून कुठून विचारून, वाचून, गाजरं वाळवायला घेतली. पहिली पूड खलबत्त्यात कुटली. बहिणीला वेळेवर झोपवलं, पहाटे उठवून चालायला नेलं, तळलेलं बंद केलं, तोंडाला हात लावू नकोस म्हणून तिच्या बोटांना पट्ट्या बांधल्या. चार वर्षं. एकोणिसाव्या वर्षी तिचं तोंड स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ की फोटोवाल्याने स्वतः बोलावून फोटो काढला. तोच फोटो पुढे पाकिटावर छापला. पूडवालीचा धंदा त्या तोंडावर उभा राहिला, असं बाजारात म्हणत. पूडवाली तसं म्हणत नसे. तिच्या लेखी ते पाकीट म्हणजे तिने आयुष्यात काय केलं त्याचा दाखला होता.

भांडण झालं ते ह्यावरूनच.

हंगामाच्या सुरुवातीची गोष्ट. मी पोती उतरवत होतो. एक आई तिच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीचं लग्न ठरलेलं, गालांवर पुटकुळ्या, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. तिने पाकिटावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "माझं तोंड असं होईल?"

"होईल," पूडवाली म्हणाली. "माझ्या हाताखाली झालंय हे."

मागच्या खोलीतून धाकटी बाहेर आली. हातात चाळण होती, भुवयांवर पूड होती. ती एकोणचाळीस वर्षांची होती, पाकिटावर अजून एकोणीसचीच. तिने त्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तिला खरं सांग ना. माझ्या पुटकुळ्या वयाने गेल्या." मग मुलीला म्हणाली, "तुझ्याही जातील गं. पूड घे, चांगली असते, पण तिच्यासाठी रडू नकोस. आणि त्या फोटोवर जाऊ नकोस, तो काढला तेव्हाही मी तशी दिसत नव्हते."

मुलगी रडता रडता हसली. दोन पाकिटं घेऊन गेली. म्हणजे नुकसान काहीच झालं नाही. पण पूडवाली जिथे होती तिथेच उभी राहिली.

"चार लोकांत नाक कापलंस माझं," ती म्हणाली.

"नाक जागेवर आहे. पूड लागली आहे त्याला, पुसून घे."

धाकटीने ते नेहमीसारखंच म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी थोरली हसली असती. त्या दिवशी ती म्हणाली, "चार वर्षं मी तुझ्या बोटांना पट्ट्या बांधल्या. वयाने गेल्या म्हणे. आजपासून माझ्याशी बोलू नकोस."

"बरं."

"बरं म्हणजे बोललीस."

धाकटीने तोंडावर बोट ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मिटेल.

मिटलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तर दोघी एकाच खोलीत, एकमेकींकडे पाठ करून, आणि मधे मी.

"दादा," पूडवाली म्हणाली, "त्यांना सांगा, चाळण फाटली आहे."

मी वळून सांगितलं. धाकटी तीन हातांवर बसली होती.

"दादा, त्यांना सांगा, दिसतंय मला."

"दादा, त्यांना विचारा, दिसतंय तर शिवत का नाहीत?"

"त्यांना सांगा, सुई त्यांच्याकडे आहे आणि मागायची तर बोलावं लागेल."

मला हसू आवरेना. दोघींनाही आवरत नव्हतं हे मला दिसत होतं, पण एकीने दुसरीला हसताना बघायचं नाही असं ठरलेलं. सख्ख्या बहिणी एकमेकींना 'त्या' म्हणतात, 'त्यांना' म्हणतात, हे ऐकायला मला मजा यायची. मी ते आठवडेच्या आठवडे चालू दिलं. आज वाटतं, एकदा पोती खाली टाकून म्हणायला हवं होतं की बायांनो, पुरे करा, मी काही टपालवाला नाही. पण मजेत असलेला माणूस नीट बघत नाही.

चौथ्या आठवड्याच्या आसपास धाकटीने चाळणीवरून हात काढून पालथा उताणा केला आणि माझ्यापुढे धरला. तळवा गर्द पिवळा होता. "दादा, त्यांना दाखवा."

थोरलीने मान वळवून लांबूनच बघितलं. "त्यांना सांगा, चकत्या खाणं बंद करा. दोन महिन्यांत उतरेल."

हे ती रोज दहा जणांना सांगायची. बरोबरच होतं. फक्त ते सांगून झाल्यावर ती समोरच्या माणसाची हनुवटी धरून डोळा बघायची, आणि ते तिने केलं नाही. डोळा बघायचा तर जवळ जावं लागतं, तोंडाला हात लावावा लागतो, आणि तोंडाला हात लावून न बोलणं कोणाला जमतं?

धाकटीने चकत्या सोडल्या. रंग उतरला नाही. दोन महिने लागतातच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग तिला खाज सुटली, हातापायांना, पाठीला. संत्र्याच्या सालीची पूड उडते तेव्हा खाजतंच, त्यात नवीन काय. लघवी लालसर होऊ लागली. त्या घरात रोज बिटाचं पाणी प्यायचे, तिथे ते कोणाला खटकणार? ती वाळत चालली, जेवण अर्ध्यावर सोडू लागली. तेव्हा पूडवालीने मला सांगितलं, "त्यांना सांगा, राग माझ्यावर काढावा, ताटावर काढू नये."

"त्यांना सांगा, राग नाही. भूक नाही."

मी दोन्ही निरोप पोचवले. शब्दाला शब्द. त्या घरात प्रत्येक दुखण्याचं उत्तर कुठल्या ना कुठल्या बरणीत होतं, आणि म्हणून कोणी दाराबाहेर विचारायला गेलं नाही.

अकराव्या आठवड्यात एक दिवस फोटोवाला दुकानात आला. त्याचं दुकान चार घरं सोडून. हातात मोठा लिफाफा. मी तिथेच होतो, पूडवाली गाजरं चिरत होती, धाकटी आत पडली होती. आजकाल ती दुपारी पडून राहायची.

"तुमची धाकटी परवा आली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "म्हणाली, पाकिटासाठी नवा फोटो काढा. मी आहे तशी, या वयाची. ताईला आवडेल म्हणाली. तुम्हाला सांगायचं नव्हतं वाटतं, पण आता तयार झालाय."

पूडवालीची सुरी थांबली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. फोटो काढायला जाणं म्हणजे धाकटीने आपल्या पद्धतीने तह केला होता. पाकिटावर माझंच तोंड असू दे, पण खरं असू दे. पूडवालीने ओले हात पदराला पुसले, फोटो घेतला. एकोणचाळीस वर्षांची बाई, थोडी थकलेली, हसरी.

"चांगला आलाय," पूडवाली म्हणाली.

"डोळ्यांनीच जरा त्रास दिला," फोटोवाला म्हणाला. "पांढरा भाग फार पिवळा येत होता. दिव्याचा दोष म्हणून दिवा बदलला, तरी तेच. मग संगणकावर साफ केला. मूळचाही आणलाय, बघायचा तर."

त्याने दुसरा फोटो काढून फळीवर ठेवला.

पूडवालीने तो बघितला. मग ती मधल्या खोलीकडे धावली. मी तिच्या मागे गेलो तेव्हा ती धाकटीच्या अंथरुणापाशी गुडघ्यांवर बसली होती, एका हातात तिची हनुवटी, दुसऱ्या हाताचा अंगठा पापणीवर. खिडकीचा पडदा तिने हिसकून काढला होता. वीस वर्षांत त्या खोलीत ऊन आलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"काय गं," धाकटी डोळे मिचकावत म्हणाली, "बोलणार आहेस की नुसतीच डोळे फाडणार?"

"ऊठ," पूडवाली म्हणाली. "ऊठ गं माझी बाई. ऊठ."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. पित्त जिथून उतरतं त्या नळीच्या तोंडाशी गाठ झाली होती. वाट बंद झाली म्हणून पिवळेपण. नळी बसवून वाट मोकळी करता येईल, त्याने खाज कमी होईल, रंग थोडा उतरेल. पण गाठ पुढे यकृतात गेली होती, ती काढता येणार नव्हती.

"पुडीने झालं?" पूडवालीने विचारलं.

"नाही. पुडीचा याच्याशी संबंध नाही."

"दोन महिने आधी आणलं असतं तर?"

"कदाचित शस्त्रक्रिया झाली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नक्की सांगता येत नाही. तुमच्या कधी लक्षात आलं?"

"मला ओळखता येतं," पूडवाली म्हणाली. "मी लोकांचं ओळखते."

दवाखान्यातली खोली लहान होती. लोखंडी खाट, एक खुर्ची, खिडकीबाहेर सायकली ठेवायची जागा. नळी बसवल्यावर धाकटीला थोडं बरं वाटलं आणि तिची जीभ परत चालायला लागली. मी फळं घेऊन गेलो तर म्हणाली, "दादा, आता निरोपाचं काम गेलं तुमचं. दुसरी नोकरी बघा."

पूडवाली खुर्चीवर बसून होती. तोंड उघडायची आणि मिटायची.

"ताई," धाकटी म्हणाली, "सत्याहत्तर दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मी मोजलेत. ते दिवस फुकट नाही जाऊ द्यायचे. रोज मला काय म्हणायचं होतंस ते सांग. पहिल्या दिवसापासून. एकही वगळायचा नाही."

"कसं आठवणार?"

"तुला आठवेल. तुला कुठल्या दिवशी कुठली चौकट उतरवली तेही आठवतं."

आणि खरंच तिला आठवत होतं. तिने सुरुवात केली. "पहिला दिवस. तू बीट उकळत ठेवलंस. मला म्हणायचं होतं, पाणी जास्त झालं."

"मी म्हटलं असतं, तूच ओतलंस."

"दुसरा दिवस. तू केस धुतलेस आणि ओलेच बांधलेस. म्हणायचं होतं, सर्दी होईल, उठलीस की मोकळे सोड."

"मी म्हटलं असतं, माझं वय एकोणचाळीस आहे, नऊ नाही."

असं ते चाललं. रोज दुपारी, औषधं देऊन परिचारिका गेली की. कधी चार दिवस व्हायचे, कधी सहा. मी दोन-तीनदा दाराशी थांबून ऐकलं. सगळं साधंसुधं बोलणं. सतराव्या दिवशी धाकटीने निळा कपडा घातला होता, थोरलीला म्हणायचं होतं, शोभतो. "मग म्हण की." "शोभत होता गं." "तुझाच होता, जुना." दोघी हसायच्या. धाकटीला हसताना पोट धरावं लागायचं. न बोललेले दिवस त्या दोघी त्या खोलीत एक एक करून परत जगत होत्या, आणि मला वाटायचं, असं आणखी महिनाभर चालावं, दोन महिने चालावं.

सव्विसावा दिवस आला तेव्हा पूडवाली अडली. तळवा दाखवला तो दिवस. "म्हणायचं होतं, जवळ ये, बघू दे."

"मी आले असते," धाकटी म्हणाली. एवढंच. मग म्हणाली, "पुढचा."

तिथून पुढे पूडवालीचा वेग कमी झाला. दिवसाला तीन, मग दोन. चाळीसच्या जवळ आल्यावर तर दिवसाला एकच. धाकटी दिवसेंदिवस खाली चालली होती, जागी राहायची ती थोडाच वेळ, आणि तो वेळही थोरली एका दिवसावर घालवायची. कुठल्या बरणीचं झाकण सैल होतं, कोण गिऱ्हाईक आलं, मांजर कुठल्या मांडणीवर चढलं.

एकदा व्हरांड्यात मी तिला म्हणालो, "एवढं लांबवता कशाला? जे मनात आहे ते एकदम सांगून टाका."

ती भिंतीला टेकून उभी होती. तिचे तळहात आता पांढरे पडायला लागले होते. तिने पूड खाणं सोडलं होतं.

"त्रेचाळिसावा दिवस," ती म्हणाली. "त्या दिवशी चाळणीपाशी ती पेंगत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. दादा, माझा हात वर गेला होता. हनुवटीपर्यंत. दोन बोटांचं अंतर राहिलं होतं. मला वाटलं, आजारी दिसते, डोळा बघावा. मग वाटलं, मी का आधी हात लावू? आधी तिने बोलावं. आणि हात खाली घेतला." तिने तो हात माझ्यापुढे धरला, जणू मी त्यावर काही वाचणार होतो. "साठाव्या दिवशी परत गेला. परत घेतला. दोन्ही दिवस तिला सांगायचेत. सांगितल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नाही. आणि सांगायला धीर होत नाही."

"आजच सांगा."

"क्रमाने सांगायचं ठरलंय," ती म्हणाली.

मला कळलं की ती क्रमाच्या आड लपत होती. ज्याने अकरा आठवडे इकडचे निरोप तिकडे केले त्याला आता तोंड उघडायचा काय अधिकार होता?

शेवटच्या दुपारी मी तिथे होतो. आकाश स्वच्छ होतं, बाहेर कोणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. धाकटी सकाळपासून झोपेत होती. तीनच्या सुमारास तिने डोळे उघडले आणि थोरलीकडे बघून बोटानेच खूण केली. पुढचा.

मी पूडवालीकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत जे होतं ते तिने ओळखलं. आज उडी मार, बाई. दोन दिवस सोड. तिने मान खाली घातली.

"एक्केचाळिसावा दिवस," ती म्हणाली. "गुलाबाच्या पाकळ्या आल्या होत्या. तू एकटीने निवडल्यास. सगळ्या. मी दुकानात बसून होते, गिऱ्हाईक एकही नव्हतं, तरी आत आले नाही. पाकळ्या ओल्या होत्या गं, हाताला चिकटत होत्या. तू मधेच गुणगुणायला लागलीस. आई म्हणायची ते. तुला ते आठवतं हे मला माहीतच नव्हतं. तू सहा वर्षांची होतीस. मला आत येऊन म्हणायचं होतं, पुढचं कडवं मला येतं. म्हणायचं होतं, दोघी मिळून म्हणू."

ती थांबली. आता धाकटीची पाळी होती.

"मग तू काय म्हटलं असतंस?"

धाकटीचे डोळे थोरलीवरच होते. मी दाराशी उभा होतो, मला पूडवालीच्या आधी कळलं. पाखराचा किंवा जनावराचा श्वास थांबलेला मी शेतात खूपदा बघितला आहे, छातीवरची चादर कशी राहते ते मला कळतं.

"सांग ना," पूडवाली म्हणाली. "म्हटली असतीस, तुझा आवाज फाटका आहे, तू ऐकच नुसती. म्हटली असतीस ना?"

बाहेरची घंटी थांबली होती. परिचारिका आत आली, खाटेपाशी वाकली, मनगट धरलं, आणि माझ्याकडे बघितलं. मग चादरीकडे हात नेला.

"थांबा," पूडवाली म्हणाली. "दिवस अजून संपला नाही."

आणि ती तो दिवस सांगत राहिली. पाकळ्या किती वाजता वाळायला घातल्या, मांडणीच्या कुठल्या फळीवर, संध्याकाळी पाऊस येईल म्हणून धाकटीने खिडक्या कशा लावून घेतल्या, जेवताना दोघींनी एकमेकींच्या ताटात न बघता कसं वाढून घेतलं, दिवा कोणी मालवला. परिचारिका हात मागे घेऊन उभी राहिली. सगळं सांगून झालं तेव्हा पूडवालीने बहिणीच्या हनुवटीखाली हात घातला, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि अंगठ्याने दोन्ही पापण्या मिटल्या. मग तिथेच, तिच्या गालाला गाल लावून, तिने त्रेचाळिसावा दिवस सांगायला सुरुवात केली, आणि पहिल्या वाक्यातच तिचा आवाज गेला. हात वर गेला होता, एवढंच मला ऐकू आलं.

मी दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात बसलो.